गावातला मेजर पोरांना कळू द्या



७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ सालापासून तो पाळला जातो. त्या दिवशी शाळेत पैसे गोळा होतात, पोरांच्या छातीवर कागदी झेंडा लागतो आणि कार्यक्रम संपतो. तो पैसा माजी सैनिक, युद्धविधवा आणि अपंग झालेले जवान यांच्यासाठी असतो. तेव्हा तो जरूर द्यावा. पण शाळेच्या शेजारीच राहणारा, सारं गाव ज्याला ‘मेजर’ म्हणतं, तो म्हातारा कोणत्या लढाईत होता हे किती पोरांना सांगता येईल?

लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली ‘जय जवान, जय किसान’ म्हटलं. आपल्याकडे ही दोन माणसं एकाच घरातली. कोरडवाहू रानात चार भावांचं भागत नाही, म्हणून एक भाऊ भरतीच्या रांगेत उभा राहतो. पोटासाठी गेला हे सांगायला लाज कसली? पोटासाठी गेला, पण वेळ आली तेव्हा मागे हटला नाही. त्याची थोरवी यातच आहे.

संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या जागेतून उचलून सुरक्षित आणलं. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आधी सोबती वाचवले, मग शत्रूवर गेले, हा क्रम पोरांना मुद्दाम सांगा.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. एका गावचे ४६! लढाया इंग्रजांच्या होत्या, रक्त आपल्या पोरांचं होतं. तेही पोरांपासून लपवू नका. हुकूम देणारा कोण आणि मरणारा कोण, हा प्रश्न विचारल्यानं जवानाचा मान कमी होत नाही.

आज पोरांना लढाई ठाऊक आहे ती सिनेमातली. तिथं गोळी लागते आणि गाणं सुरू होतं. मेजरला विचारलं तर तो बर्फात सुन्न झालेल्या बोटांचं सांगेल, न आलेल्या पत्राचं सांगेल, भीती वाटली होती हेही सांगेल. त्याच्या कारभारणीलाही विचारा. तो सीमेवर असताना पेरणी, खुरपणी, कापसाची वेचणी आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचं करणं तिच्याच अंगावर होतं. तिला कुणी पदक दिलं नाही. देशसेवेच्या हिशेबात तिचंही नाव पडलं पाहिजे.

यासाठी सरकारी फंड लागत नाही. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यांनी एवढं करावं : गावातल्या हयात आणि दिवंगत सैनिकांची नावं, पलटण आणि साल लिहून काढावं. ती यादी शाळेच्या भिंतीवर रंगवावी. वेचणीच्या धांदलीतून एक संध्याकाळ काढून पारावर मेजरला मधोमध बसवावं आणि प्रश्न पोरांनाच विचारू द्यावेत. पुढाऱ्यांची भाषणं नकोत. जे ऐकलं ते पोरांनी वहीत उतरवावं. आणि २६ जानेवारीला झेंड्याची दोरी त्याच्या हाती द्यावी.

उशीर करू नका. १९७१ साली जो विशीचा होता, त्यानं आज सत्तरी ओलांडली आहे. १९६२ आणि १९६५ पाहिलेले तर बोटावर मोजण्याइतके उरले. बी वेळेवर राखलं नाही तर पुढच्या हंगामात ते कुठून आणणार? आठवणींचंही तसंच आहे.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावची वही घेऊन या.