नवान्न आणि शेत

आश्विनी पौर्णिमा ही जशी कोजागरी, तशीच ती नवान्न पौर्णिमाही होय. भाताच्या नव्या लोंब्या व आंब्याची पाने यांचे ‘नवे’ दारी बांधावे, नव्या तांदळाचा नैवेद्य देवास दाखवावा आणि मगच ते अन्न मुखी घालावे, हा कोकणपट्टीचा कुळाचार आहे. निजामपुऱ्यातील आम्ही कुटुंबे तो आजही श्रद्धेने पाळतो. परंतु ती लोंबी कोणाच्या शेतातली, हे आपल्यापैकी कितीजणांस सांगता येईल?

देवास अर्पण केल्यावाचून नवे पीक चाखू नये, हा नेम केवळ आपलाच नव्हे. दूर आर्मेनिया देशात आरेनी हे द्राक्षे पिकविणारे लहानसे खेडे आहे. तेथील गुहेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी द्राक्षारस काढीत असल्याच्या खुणा सापडल्या आहेत. गावचे चर्च १३२१ सालचे. ऑगस्टच्या मध्यास मरियामातेच्या सणी त्या देशातील चर्चमध्ये द्राक्षांस आशीर्वाद देतात. तोवर नवी द्राक्षे न खाण्याची भाविकांची जुनी रीत आहे.

इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या पश्चिमेस वसईची ख्रिस्ती शेतकऱ्यांची गावे आहेत. तेथे द्राक्षांचे मळे नाहीत. भात, केळी आणि पानवेली आहेत. नंदाखालचे चर्च १५७३ सालचे. निर्मळ गावी तर चर्चही आहे आणि शंकराचार्यांचे समाधिमंदिरही. कार्तिक वद्य एकादशीस तेथे मोठी यात्रा भरते. या ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या आरंभी ‘अगेरा’ साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांस आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघर जातात. हे आपले नवान्नच नव्हे काय?

वसई म्हणताच कोणी १७३९ ची आठवण देईल. ती आम्हांसही आहे. त्या मोहिमेसाठी झटलेले गंगाजी नाईक आपल्याच तालुक्यातील अंजूरचे. चिमाजी अप्पांच्या नवसाची वज्रेश्वरीही याच तालुक्यात. त्या पराक्रमाचा अभिमान बाळगूनही शेजाऱ्याचा चांगला गुण घ्यावयास हरकत नसावी.

तो गुण असा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या जमिनींवर इमारतींचे संकट आले, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू होते. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष झाले; २०२४ मध्ये ते निवर्तले. शेत आणि पाणी राखणे हे धर्मकार्यच आहे, अशी त्यांची भूमिका होती. सारे शेत वाचले नाही. पण वेदीवरून शेतकऱ्याच्या बाजूने शब्द निघाला.

भिवंडीभोवतीच्या भाताच्या खाचरांवर मात्र गोदामे उभी राहिली, आणि आपल्या देवळांत त्याविषयी क्वचितच चकार शब्द निघतो. गोदामांनी अनेकांस रोजगार दिला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु देवास नवान्न हवे आणि शेत मात्र नको, ही पूजा अपुरी आहे. देवस्थानांनी आपल्या जमिनी पिकत्या ठेवाव्यात; कीर्तनात, प्रवचनात हा विषय यावा. आणि वाचकहो, यंदा ‘नवे’ बांधण्यापूर्वी ज्याच्या शेतातील ती लोंबी, त्या शेतकऱ्याचे नाव विचारून घ्यावे. नैवेद्य दाखविताना त्याच्या शेतासाठीही हात जोडावेत, एवढीच प्रार्थना.