पडद्यावरची चकरी आणि घरातील ज्येष्ठ



सकाळी प्राणायाम पाहावा, सायंकाळी कीर्तन ऐकावे, दूरदेशी असलेल्या नातवंडाचे मुख मोठ्या पडद्यावर न्याहाळावे, यासाठी अनेक घरांतील ज्येष्ठ मंडळी आता स्मार्ट टीव्हीवर विसंबून असतात. गुडघेदुखीमुळे ज्यांचे बाहेर जाणे थांबले आहे, त्यांचा तर पडद्यावर चकरी फिरू लागली की दिवसच अडतो. म्हणून आज याच दुखण्याची चिकित्सा करू.

उपचाराआधी निदान हवे. मोबाईलचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायला जोडा आणि टीव्हीजवळ उभे राहून एखादे चलचित्र लावून पाहा. ते सुरळीत चालले, तर दोष बहुधा टीव्हीत आहे. राउटरजवळ चालते पण टीव्हीजवळ अडखळते, तर दोष अंतराचा किंवा भिंतींचा. कुठेच चालत नसेल, तर राउटर किंवा बाहेरून येणारी जोडणी तपासावी. फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ या अक्षरांपाशी लाल दिवा दिसला, तर घरी खटपट न करता सेवा देणाऱ्या कंपनीला कळवावे.

दोष टीव्हीत असल्यास प्रथम त्याला खरी विश्रांती द्या. रिमोटने बंद केलेला टीव्ही केवळ डुलकी घेतो. भिंतीवरचे बटण बंद करून मिनिटभर थांबा व पुन्हा सुरू करा. राउटरलाही हाच उपाय लागू पडतो. दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे धीर धरावा. वीज वारंवार जाते तेथे टीव्हीतील तारीख व वेळ चुकण्याचा संभव असतो, आणि तेवढ्यानेही काही कार्यक्रम उघडत नाहीत. तीही पाहून घ्यावी. तरीही अडले, तर सेटिंगमधून जुनी जोडणी काढून पासवर्ड नव्याने भरावा.

आपल्या जालन्याची ओळख लोखंडी सळईची. तीच सळई स्लॅबमध्ये असते, आणि धातू वायफायच्या लहरी अडवतो. लोखंडी कपाट, पत्रा, मोठा आरसा हेही अडथळेच. अंबड-परतूरकडच्या जुन्या माळवदांच्या जाड भिंतींतून लहरी क्षीण होऊनच पलीकडे जातात. राउटर घराच्या मध्यभागी, मोकळ्या जागी ठेवावा. त्यात दोन जोडण्या दिसत असतील, तर दूरच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झची निवडावी. ५ ची वेगवान खरी, पण तिला भिंती फार सोसवत नाहीत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लॅनची तार. मात्र ती भिंतीच्या कडेने पक्की बसवावी, येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

आता वैद्य म्हणून काही कळकळीचे. राउटरपर्यंत हात पोहोचावा म्हणून ज्येष्ठांनी स्टुलावर कदापि चढू नये. खुब्याचे हाड मोडले, तर कित्येक महिन्यांचे स्वावलंबन जाते. राउटरचे बटण कमरेच्या उंचीवर घ्यावे. पेसमेकर असलेल्यांनी राउटरपासून निदान वीतभर अंतर ठेवावे. घरात वायफाय असण्यास हरकत नाही. टीव्हीवर संतापल्यावर लगेच रक्तदाब मोजू नये. पाच मिनिटे शांत बसून मगच मोजावा.

मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. तो बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. दुरुस्तीच्या नावाखाली कोणी मोबाईलमध्ये ॲप उतरवायला किंवा ओटीपी सांगायला लावले, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० वर कळवा.

सांभाळ करणाऱ्यांनो, बिघाड नेहमी यंत्रातच असतो असे मानू नका. कालपर्यंत सहज रिमोट चालवणाऱ्या वडिलांचा हात आज अचानक बटणांवर अडखळला, बोबडी वळली, चेहरा एका बाजूला झुकला, तर तो पक्षाघात असू शकतो. मधुमेही असल्यास घरच्या यंत्रावर साखर पाहा, पण त्यासाठी खोळंबू नका. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. गोंधळ काही महिन्यांत हळूहळू वाढला असेल, तर “इतकेही कसे जमत नाही?” असे न बोलता स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी.

या रविवारी एवढे करा : पासवर्ड, कंपनीचा क्रमांक आणि टीव्ही पुन्हा सुरू करण्याच्या पायऱ्या जाड अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीशेजारी डोळ्यांच्या उंचीवर लावा. मग आई-वडिलांच्याच हातून त्या एकदा करवून घ्या. आपण शेजारी बसावे, रिमोट मात्र त्यांच्याच हाती असू द्यावा. जवळ एक लहानसा रेडिओही असावा; वायफाय रुसले तरी आकाशवाणीची सोबत सुटत नाही.