गालिच्याखालची ओल

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. इथल्या जिरायती गावांना टँकरची वाट पाहणे नवे नाही. त्यामुळे इथल्या कुणी 'घराला ओल आली, गालिच्याला बुरशी लागली' असे म्हटले, की कोकणातले पाहुणे हसतात. पण भाड्याच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा. पावसाळा सरता सरता गालिचा उचलला, की खाली काळे-हिरवे ठिपके, चिकट फरशी आणि तो कुबट वास. मी स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. एमआयडीसीत कामाला लागलेल्या, टी. सी. कॉलेजात किंवा विद्या प्रतिष्ठानमध्ये शिकणाऱ्या ओळखीच्यांच्या खोल्याही पाहिल्या आहेत. सगळीकडे सल्ला एकच मिळतो: गालिचा उन्हात टाका, भिंतीला रंग मारून घ्या आणि उगाच बोभाटा करू नका.

यातल्या तिसऱ्या सल्ल्याबद्दल मला बोलायचे आहे. पण त्याआधी पहिल्या दोन सल्ल्यांचा हिशेब करू.

कोरड्या तालुक्यात ओल येते कुठून? एक वाट आपल्या पायाखालून येते. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळापासून या पट्ट्यात पाणी आणतो. त्यावर ऊस उभा राहिला, घरे उभी राहिली. पण कालव्याच्या कडेची काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि त्या पाण्यात क्षार असतात. शेत पाणथळ आणि खारवट होते म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेच पाणी घराच्या पायातून विटांत चढते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा लोणा दिसतो, गिलाव्याचे पोपडे निघतात, तो याचाच पुरावा. बांधताना जोत्यावर ओल अडवणारा थर नीट दिला नसेल, तर वरून कितीही पुसा, पाणी चढतच राहते.

दुसरी वाट पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदरमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाझरे धरणातून पाणी सोडावे लागले आणि एरवी कोरडी दिसणारी कऱ्हा बारामतीत दुथडी भरून आली. नदीकाठच्या लोकांना रातोरात हलवावे लागले. मे २०२५ च्या अखेरीस तर पावसाळा सुरू होण्याआधीच असा पाऊस पडला की नीरा डावा कालवा फुटला, आणि बारामती-इंदापूरसाठी एनडीआरएफची पथके बोलवावी लागली. पाणी घरातून एका दिवसात ओसरते. भिंतीतून आणि फरशीखालून ओसरायला महिने लागतात.

तिसरी वाट घरातलीच: मोरीचा गळका पाइप, वरच्या मजल्याचे ठिबकणारे न्हाणीघर, खिडकी नसलेली खोली, आत वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ. ही ओल कोपऱ्यात आणि कपाटाच्या मागे दिसते.

आपल्या घरात कोणती वाट आहे, हे ओळखायला एक साधी युक्ती आहे. फरशीवर फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर पाणी जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला असतील तर घरातल्या हवेतून. पहिल्या प्रकारात तुम्ही खिडक्या कितीही उघड्या ठेवल्या तरी फारसा फरक पडणार नाही. ते काम घर ज्याचे आहे त्याचे. दुसऱ्यात मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.

आता गालिच्याचे. बुरशीला तीनच गोष्टी लागतात: ओलावा, थोडी ऊब आणि खायला काहीतरी. गालिच्यातली धूळ, सांडलेले अन्नकण आणि सुती धागे हे तिचे जेवण. ओला गालिचा दोन दिवसांत वाळला नाही, तर बुरशी धरू लागते. म्हणून आधी हे पाहा की गालिचा कशाचा आहे. सुती सतरंजी किंवा पातळ जायनमाज असेल, तर ती गरम पाण्यात साबण घालून धुता येते. दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळली तर वाचते. जाड, स्पंज लावलेला गालिचा किंवा मऊ पाठीची जायनमाज आतपर्यंत भिजलेली असेल, तर ती वरून स्वच्छ दिसली तरी आत बुरशी जिवंत राहते. पुराच्या पाण्यात बुडालेला असा गालिचा टाकून द्यावा, कितीही महाग असला तरी. आपल्याकडे ज्याला 'कार्पेट' म्हणतात तो प्लॅस्टिकचा गुंडाळीचा पट्टा, तो तर सर्वांत फसवा. जमिनीतून येणारी वाफ त्याखाली कोंडून राहते. ओलसर खोलीत तो अंथरूच नये.

झाडताना नाका-तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात मोजे हवेत. गालिचा घरात झटकू नका. बुरशीचे बारीक कण हवेत उडतात आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. गुंडाळून बाहेर न्या. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला हे काम देऊ नका, त्या वेळी घरातही थांबवू नका. आणि एक गोष्ट कधीच करू नका: ब्लीच आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

राहिला रंग. जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर आतून ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफ रंग मारला, तर पाणी थांबत नाही. त्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आणखी वर चढते. पहिल्या वर्षी भिंत छान दिसते. दुसऱ्या वर्षी पोपडे कमरेच्या वर येतात.

म्हणजे पहिले दोन सल्ले अर्धवट आहेत. आता तिसरा.

आपली मुले गप्प का बसतात, हे मला माहीत आहे, कारण मीही त्याच रांगेत उभी राहून घर शोधले आहे. फोनवर खोली रिकामी असते. नाव सांगितले की 'कालच दिली' असे उत्तर येते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नाही ही तक्रार नोंदवली होती. तेव्हा माझे बरेचसे वाचक शाळेतही गेले नसतील. आज ते स्वतः घर शोधत फिरतात आणि तेच ऐकतात. जे घर कुणी घेत नाही ते आपल्या वाट्याला येते: ओढ्याच्या कडेचे, मोरीला चिकटलेले, ऊन न येणारे. ते मिळाले यातच आपण इतके समाधानी होतो, की ओल दाखवायची म्हणजे घर गमवायचे, असे वाटू लागते. दाखवलीच, तर उत्तर मिळते: 'तुम्ही लोक पाणी फार सांडता.' वजूचे पाणी, जास्त माणसे, रोजचा रस्सा, सगळे त्यात येते. भिंतीतला दोष आपल्या राहणीवर ढकलला जातो, आणि आपण मान खाली घालून तो घेतो.

असे उत्तर ऐकून घेण्याची किंमत काय असू शकते, हे इंग्लंडमधल्या एका घरातून कळते. रॉचडेल गावात सुदानहून आलेले एक मुस्लिम जोडपे गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या घरात राहत होते. वडिलांनी २०१७ मध्ये बुरशीची तक्रार केली. त्यांना सांगण्यात आले: वरून रंग मारा. पुढे त्यांना मुलगा झाला, अवाब इशाक. डिसेंबर २०२० मध्ये, दुसरा वाढदिवस होऊन काहीच दिवस झाले असताना, तो श्वसनाच्या आजाराने गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निकाल दिला, की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे हा मृत्यू झाला. त्या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण गृहीतके धरली आणि ती चुकीची होती, हे संस्थेला नंतर मान्य करावे लागले. आई-वडील गप्प बसले नाहीत म्हणून २०२३ च्या कायद्यात मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना धोकादायक ओल आणि बुरशीची तपासणी १० कामकाजाच्या दिवसांत करावी लागते.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण काहीच नाही, असेही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात उलट काही ठरले नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मर्यादा एका वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. महिना ६,००० रुपये भाडे असेल, तर वर्षाला १८,००० रुपयांपर्यंत. आणि ही नोटीस अनेक भाडेकरूंनी मिळून देण्याची सोय त्याच कलमात आहे.

एक अडचण लक्षात ठेवा. आपल्यापैकी बहुतेकांचा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा असतो, आणि कायद्याच्या भाषेत तो राहणारा 'भाडेकरू' ठरत नाही. म्हणून दुरुस्ती कुणी करायची हे सही करण्याआधी करारात लिहून घ्या. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. खोलीत शिरायच्या दिवशीच भिंती-फरशीचे फोटो तारखेसह घरमालकाला पाठवून ठेवा, म्हणजे सोडताना बुरशीच्या नावाने डिपॉझिट कापले जाणार नाही. पुढे वकिलाची गरज पडली, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

इथपर्यंत बोट दुसऱ्याकडे होते. आता आपल्याकडे वळवते. ओलीची खोली देणारा प्रत्येक घरमालक परका नसतो. आपल्या मोहल्ल्यात खोल्या बांधून भाड्याने देणारे आपलेच चाचा, आपलेच मामू आहेत. बाहेर घर मिळत नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते, आणि भाडे त्यावरच ठरते. बाहेरच्याने नाव ऐकून घर नाकारले तर आपण त्याला भेदभाव म्हणतो. आपल्याने त्याच नाइलाजाचा फायदा घेऊन पोपडे निघालेली खोली दिली, तर त्याला 'आपल्या माणसाची मदत' म्हणतो. ज्या समाजात पाकीवर एवढा भर आहे, तिथे जायनमाज बुरशी लागलेल्या फरशीवर अंथरायला लावणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून बारामती-इंदापूरच्या तरुणांना माझी विनंती आहे. पुढच्या पावसाळ्याआधी आपापल्या गल्लीतल्या भाड्याच्या खोल्या एकदा फिरून पाहा. कुठे जमिनीतून ओल आहे, कुठे पाइप गळतो, कुठल्या घरात दम्याचे मूल किंवा म्हातारे माणूस आहे, हे एका वहीत लिहा. एकाच मालकाच्या चार खोल्यांना ओल असेल, तर चौघांनी मिळून एकच नोटीस द्या. एकट्याला 'जमत नसेल तर खोली सोड' म्हणता येते, चौघांना म्हणणे अवघड जाते. आणि घरमालक आपला असेल तर आधी मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना सोबत घेऊन भेटा, सलाम करा, प्लॅस्टिकच्या कागदाखालचे थेंब त्यांना दाखवा. प्लंबरचा अंदाजपत्रकाचा कागद हातात असू द्या. दुरुस्तीची तारीख ठरल्याशिवाय मात्र तिथून उठू नका.