यंत्र नवे, पण मालकी कोणाची?

विजेच्या क्षेत्रातील कोणत्याही मोठ्या खर्चाचे आज एक ठरीव समर्थन केले जाते. तंत्रज्ञान अद्ययावत आहे, जगन्मान्य आहे. सबब ते कोणी आणले आणि कोणत्या अटींवर आणले, याची चिकित्सा करणे म्हणजे प्रगतीला खोडा घालणे होय! आपले काही सहकारीही ‘हा इंजिनिअरांचा विषय’ म्हणून हात झटकतात. ही विरक्ती घातक आहे. अर्धवाहक साधने आणि परिवर्तक यांची तुलना जितकी भौतिकशास्त्राची, तितकीच अर्थकारणाची बाब आहे.

महाराष्ट्रातीलच दोन योजना घेऊ. चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची, 1500 मेगावॅट क्षमतेची उच्चदाब एकदिश वाहिनी 1999 साली वीज मंडळाच्या काळात उभी राहिली. ती थायरिस्टरवर चालते. थायरिस्टर ही विजेची झडप होय. इशारा देताच ती उघडते, परंतु इशाऱ्याने मिटत नाही. प्रवाह शून्यावर येण्याची तिला वाट पाहावी लागते. म्हणून तिला बलवान प्रत्यावर्ती जाळ्याचा आधार लागतो, वाहून नेलेल्या शक्तीच्या निम्म्याच्या आसपास रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर पुरवावी लागते आणि फिल्टरांसाठी विस्तीर्ण आवार लागते.

दुसरी योजना कुडूस ते आरे ही 1000 मेगावॅटची. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई अंधारात गेली, त्यानंतर तिला गती मिळाली. इथे झडप आहे आयजीबीटीची, जी इशाऱ्याने उघडते तशीच मिटतेही. हे साधन विकसित करणाऱ्यांत अग्रणी असलेले बी. जयंत बालिगा हे मद्रास आयआयटीचे पदवीधर. संशोधन मात्र झाले अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. आयजीबीटीच्या आरंभीच्या दोन-स्तरीय परिवर्तकांत संपूर्ण दाब सेकंदाला हजारो वेळा तोडावा-जोडावा लागे आणि त्यात ऊर्जा वाया जाई. जपानमध्ये 1981 साली नाबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-स्तरीय रचना मांडली. या शतकाच्या आरंभी जर्मनीत मार्क्वार्ट यांनी शेकडो लहान घटकांची बहुस्तरीय रचना सुचविली. प्रत्येक घटकात स्वतंत्र कपॅसिटर. ते पायरीपायरीने जोडले-वगळले की जवळजवळ निर्दोष लहर मिळते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी केबलसाठी 2010 साली हीच रचना प्रथम व्यापारी उपयोगात आली. केंद्रातील ऊर्जाहानी तिने एक टक्क्याच्या आसपास आणली.

मुंबईत जागा नाही, भूमिगत केबल अपरिहार्य आहे, आणि जाळे कोलमडल्यास ते पुन्हा उभे करण्याची क्षमता हवी. तेव्हा आरे येथे थायरिस्टर नव्हे, बहुस्तरीय परिवर्तकच योग्य, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. आमचा वाद यंत्राशी नाही.

परंतु ‘नवे ते श्रेष्ठ’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तमिळनाडूतील पुगळूर पाहा. छत्तीसगडमधील रायगडहून तिथे येणारी 6000 मेगावॅटची वाहिनी थायरिस्टरचीच आहे, कारण इतकी प्रचंड शक्ती दूर नेण्यास ती स्वस्त पडते आणि तिची हानीही कमी असते. तिथूनच पुढे केरळात त्रिशूरकडे जाणारी 2000 मेगावॅटची वाहिनी मात्र बहुस्तरीय परिवर्तकाची आहे. एकाच गावी, एकाच सार्वजनिक कंपनीने, परिस्थिती पाहून दोन भिन्न साधने निवडली. बहुस्तरीय रचनेलाही मर्यादा आहेत. तिच्या साध्या, अर्धसेतू प्रकाराला एकदिश बाजूचा बिघाड-प्रवाह स्वतःहून रोखता येत नाही. पूर्णसेतू प्रकार तो रोखतो, पण साधने वाढतात आणि हानीही. म्हणजे तुलना नेहमी अटींसह करावी लागते. मग त्या अटींत फक्त किंमत आणि हानीच का? ज्ञान कोणाकडे राहते, ही अट कोठे गेली?

थायरिस्टरच्या काळात या प्रश्नाला आपण काही उत्तर दिले होते. लोअर सिलेरू ते बारसूर ही प्रायोगिक वाहिनी भेलने देशी प्रयत्नातून उभारली. चंद्रपूर-पडघे योजनेतही परदेशी कंपनीबरोबर भेलचा वाटा होता. बहुस्तरीय परिवर्तकाचा प्राण मात्र सिलिकॉनच्या तुकड्यात नाही, शेकडो कपॅसिटरांचा दाब क्षणोक्षणी समतोल राखणाऱ्या नियंत्रण-प्रणालीत आहे. ती बंद पेटीत आली, तर दुरुस्तीपासून विस्तारापर्यंत प्रत्येक वेळी उत्पादकाच्या दारी जावे लागेल. मक्तेदारीचे हे नवे रूप आहे.

आणि पैसा कोणाचा? कुडूस-आरे योजना अदानी समूहाकडे स्पर्धात्मक निविदेविना, सुमारे 7,000 कोटी रुपयांच्या अंदाजाने गेली. त्याविरुद्धचे टाटा पॉवरचे अपील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये फेटाळले. विद्युत कायद्यात दोन्ही मार्ग खुले आहेत, असे न्यायालय म्हणाले. योजना कायदेशीर आहे, यात वाद नाही. परंतु या मार्गात आयोगाने मान्य केलेला खर्च आणि त्यावरील परतावा ग्राहकाकडून वसूल होतो. राज्यांतर्गत पारेषणाचा खर्च सर्व वितरण कंपन्यांत वाटला जातो आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा महावितरणचा असतो. अर्थात आरेच्या परिवर्तकाचे पैसे बुलढाण्याचा शेतकरी आणि इचलकरंजीचा यंत्रमागधारकही देतो. ‘खाजगी भांडवलाने जोखीम पत्करली’ असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, परतावा निश्चित असताना जोखीम उरली कोणती?

पुढची पिढी तर दारात उभी आहे. सिलिकॉन कार्बाइड हा पदार्थ सिलिकॉनच्या सुमारे दहापट विद्युतक्षेत्र सहन करतो. भुवनेश्वर येथे ब्रिटिश सहकार्याने त्याचा कारखाना काढण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2025 मध्ये मंजुरी दिली. सार्वजनिक अनुदानावर उभ्या राहणाऱ्या अशा कारखान्यांचे स्वागत करावे. पण अनुदानासोबत ज्ञानाचे हस्तांतरण येत नसेल, तर आपण केवळ शेड बांधून दिली असे होईल.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. ज्या वाहिनीचा भार सर्व ग्राहकांवर पडतो, तिच्या नियंत्रण-प्रणालीची प्रतिमाने आणि दुरुस्तीचे अधिकार राज्याच्या पारेषण कंपनीस मिळावेत व तिच्या अभियंत्यांना तिथे प्रशिक्षण द्यावे. घटकांच्या निर्मितीत आणि चाचणीत भेलला वाटा असावा. पर्यायांची तुलना, गृहीतांसह, आयोगाच्या जनसुनावणीपूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावी.

या सुनावण्या सर्वांना खुल्या असतात. कंपन्यांचे वकील तिथे पूर्ण तयारीने जातात. आपल्या कार्यकर्त्यांनी दरवाढीच्या निषेधाचे पत्रक वाटून परत न येता, परिवर्तक कोणता, का, आणि त्याची किल्ली कोणाच्या खिशात, हे प्रश्न लेखी विचारले पाहिजेत. जी जनता यंत्राची किंमत मोजते, तिला यंत्राचे ज्ञान मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.