प्रेझेंट, मिस!

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं मी रोज "प्रेझेंट, मिस" म्हटलं. खरं सांगू? निम्म्या वेळा मी तिथे नव्हतेच!

मी मुलुंडची. लहानपणी घरात रात्री भांडणं, मारहाण व्हायची. तेव्हा मी पंख्याकडे बघत बसायचे आणि हळूहळू सगळे आवाज लांब जायचे, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या घरात चाललंय. पुढे बाबांची दारू सुटली, भांडणं थांबली, पण माझं 'लांब जाणं' थांबलं नाही. व्हायव्हात सरांचा आवाज जरा चढला की स्वतःचे हातसुद्धा परके वाटायचे. सर म्हणायचे, "लक्ष कुठे आहे?" आई म्हणायची, "झालं गेलं विसरून जा."

याला डिसोसिएशन म्हणतात. फ्रान्सच्या पिएर जाने यांनी १८८९ सालीच त्यावर लिहून ठेवलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर एमसीबी ट्रिप होते ना, तसंच. करंट जास्त झाला की ती पडते आणि वायरिंग वाचतं. लहान मुलाला पळून जाता येत नाही, म्हणून मनच निघून जातं. तो वेडेपणा नाही, बचाव आहे. पण पुढे साधा मिक्सर लावला तरी एमसीबी पडायला लागली, तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचं की "विसरून जा" म्हणायचं?

ठाण्याला एका समुपदेशक ताईंकडे मी वर्षभर जातेय. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेले तीन टप्पे त्यांनी समजावले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं, मग माणसांत परतणं. म्हणून पहिले काही महिने त्यांनी जुनं काही उकरलंच नाही. फक्त मोजायला शिकवलं: दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, आवाज तीन, वास दोन, चव एक. गर्दीच्या लोकलमध्येही जमतं! मी काही विसरले नाही. आता आठवण आली तरी मी जागेवर असते, एवढंच. पण हे 'एवढंच' फार मोठं आहे.

गुडघ्याच्या फिजिओथेरपीचं आपण सगळ्यांना सांगतो, मनाचं आलं की "लोक काय म्हणतील?" अहो, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विम्यातही दोन्ही आजार बरोबरीचे मानलेत. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

हा लेख देण्याआधी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खाली नाव घाल."

मित्रांनो, शेजारच्या बाकावर कुणी शून्यात बघत असेल, तर "लक्ष कुठे आहे?" नका विचारू. "बरी आहेस ना?" एवढंच विचारा.