पट्टीचा खर्च

गर्भारपणातल्या मधुमेहाचं निदान आपल्याकडे सोपं झालं, त्यात चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा मोठा वाटा आहे. उपाशीपोटी या म्हणून परत पाठवलेली बाई पुन्हा एसटीचं भाडं आणि रोजगार बुडवून येईलच, याची खात्री नसते. म्हणून जेवून आलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचं, दोन तासांनी रक्त घ्यायचं आणि साखर १४० किंवा त्याहून जास्त निघाली तर उपचार सुरू करायचे. केंद्र सरकारने हीच पद्धत स्वीकारली. पहिल्या भेटीत एकदा, तेव्हा काही निघालं नाही तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा.

निदानापर्यंत व्यवस्थेने बाईची अडचण ओळखली. पुढची, घरी रोज करायची तपासणी मात्र तिच्या नवऱ्याच्या खिशावर सोडली. ग्लुकोमीटर एकदाच घ्यावा लागतो, पट्ट्या संपत राहतात. सकाळी उपाशीपोटी एक आणि तिन्ही जेवणांनंतर एकेक, म्हणजे महिन्याला १२०. मग काटकसर सुरू होते, आणि ती नेमकी नको तिथे. सकाळची तपासणी राहते, जेवणानंतरच्या गळतात. सकाळी ९५च्या आत असलेली साखर चतुर्थीच्या साबुदाण्याच्या खिचडीनंतर दोन तासांनी १२०च्या किती पुढे गेली, हे मग कळतच नाही. पथ्य पुरतं आहे की गोळ्या किंवा इन्सुलिन लागणार, हे ठरवताना डॉक्टरांना तो आकडाही हवा असतो. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. सगळ्यांना वाढून, मधे चार घास खाऊन शेवटी जेवणाऱ्या सुनेने घड्याळ कधी लावायचं, हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

घरातला कटकटीचा भाग वेगळाच. दोन जिवांची आहेस म्हणून आग्रहाने वाढणारीच माणसं आकडा चढला की ‘काय खाल्लंस?’ म्हणून विचारतात. दवाखान्यातही बोलणी बसतात. वार तयार झाल्यावर तिच्यातून स्रवणारी संप्रेरकं इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. त्यात त्या बाईचा अपराध कोणता? पण ओरडा चुकवायला वहीत १६० चे ११५ होतात. काही जणी तर आकडा खाली राहावा म्हणून जेवणच टाळतात, ते आणखी वाईट. उलट आंबा सोलून हात न धुता बोट टोचलं तर आकडा खोटाच चढतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, बोटाच्या कडेला टोचायचं, हे दाखवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तेवढा वेळ मात्र कुणी काढत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलतं, डॉक्टर बदलतात. सोबत जाते ती वही. बाळ अंगाने फार वाढतं आहे का, जन्मल्यावर त्याची साखर घसरण्याचा धोका किती, याचा अंदाज नव्या डॉक्टरांना बांधायचा असतो, तेव्हा खऱ्या आकड्यांच्या त्या पानांचं मोल कळतं.

२०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातल्या तपासण्या आणि औषधं गरोदर बाईला मोफत मिळतात. घरी करायची तपासणी त्यातून बाहेर ठेवायला सबळ कारण दिसत नाही. लोहाच्या गोळ्या जशा उपकेंद्रातून हातात पडतात, तशा निदान झालेल्या प्रत्येकीला बाळंतपणापर्यंत पुरतील एवढ्या पट्ट्या आणि टोचायच्या सुया मिळाव्यात, आणि पहिल्यांदा बोट टोचताना शेजारी परिचारिका किंवा आशाताई असावी. आरोग्य खात्याने याचा खर्च एकदा मांडून दाखवावा. तो इन्सुलिनवर, सिझेरियनवर आणि नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागावर होणाऱ्या खर्चाशेजारी ठेवून मग नाही म्हणावं.