‘ब-१’ म्हणजे नेमकं काय?

लेकीच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे ‘ब-१’. म्हणजे ७१ ते ८० टक्के. शेजारी वर्णनात्मक नोंद : ‘आवडीने सहभाग घेते.’ तिच्या वर्गातल्या शेजारच्या मुलाच्या पुस्तकातही हेच वाक्य, ‘घेते’सकट! हातच्याची वजाबाकी तिला जमत नाही, हे आम्हाला घरीच कळलं. मी सॉफ्टवेअरवाला, बगपुढे ‘समाधानकारक’ लिहिलं तर माझी नोकरी जाईल. मुलाला काय समजलं, ते वापरता येतं का, याचं सातत्यपूर्ण मूल्यमापन २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. बाईंवर नोंदवह्यांचं ओझं आहे, मान्य. पण मोहल्ल्यातल्या ज्या अम्मींना मराठी वाचता येत नाही, त्यांना फक्त सहीची जागा दाखवतात. पुढच्या पालकसभेला मी लेकीची वही घेऊन जाणार आहे. तुम्हीही आणा.